वजन घेऊन स्नायू ताणावेत का, आणि किती?

वाचकाचे पत्र

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २२, वजन ६० किलो. घरची कोरडवाहू शेती आहे आणि सोबत पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. दोन वर्षांपासून गावातल्या व्यायामशाळेत जातो. तिथे एक रॉड, काही प्लेटा, एक बेंच, डंबेलच्या दोन जोड्या, सिंगल बार आणि डबल बार एवढेच सामान आहे. पहिल्या वर्षी अंग चांगले भरले, पण गेल्या सहा महिन्यांत काहीच फरक दिसत नाही. छाती न फुगवता ७८ सेंटिमीटर भरते आणि पोटऱ्या पहिल्यासारख्याच बारीक आहेत.

पुण्याला शिकणाऱ्या मित्राने काही व्हिडिओ पाठवले. सेट संपल्यावर वजन तसेच धरून स्नायू एक-दोन मिनिटे ताणून ठेवला तर तो झपाट्याने वाढतो, आणि रोज तासभर नुसता ताणला तरी वाढतो, असे त्यांत सांगितले आहे. म्हणून मी महिनाभर बेंचवर उताणे पडून डंबेल दोन्ही बाजूंना खाली सोडून धरतो, आणि पायांना दोरीने विटा बांधून सिंगल बारला लोंबकळतो. आता उजवा खांदा समोरून दुखतो. आमचे वस्ताद म्हणतात, हे सगळे थोतांड आहे, मुकाट्याने जोर-बैठका काढ. यात खरे काय? खरे असेल तर किती वजन, किती वेळ आणि कोणत्या स्नायूसाठी? मैदानी चाचणीच्या आधी असे ताणलेले चालते का?

आपला एक वाचक

उत्तर

नमस्कार. मित्राने पाठवलेल्या व्हिडिओंतील मूळ गोष्ट थोतांड नाही, हे आधी स्पष्ट करतो. ताणलेल्या अवस्थेत स्नायूवर पुरेसा भार आला तर तो वाढतो, याला प्रयोगांचा आधार आहे आणि गेल्या काही वर्षांत तो बराच भक्कम झाला आहे. मात्र त्याचा लाभ घेण्यासाठी तुम्ही निवडलेला मार्ग तुमच्याकडच्या सामानाला, शेतातल्या कामाला आणि भरतीच्या गरजेला मिळताजुळता नाही. माझे मत असे आहे की, ताण हा वेगळा व्यायाम म्हणून करत बसण्यापेक्षा तो वजन उचलण्याच्या व्यायामातच, खालच्या टोकाला, सावकाश घ्यावा. वजन धरून नुसते ताणून राहणे हे व्यायामाच्या शेवटी, मोजक्या स्नायूंसाठी आणि मोजका वेळ पुरे. ते कसे, हे पुढे सविस्तर लिहितो, परंतु खांद्याचे आधी पाहू.

डंबेल बाजूंना सोडून धरण्याचा प्रकार आजपासून बंद करा. बेंचवर उताणे पडून वजनासह हात पसरले की कोपर छातीच्या पातळीच्या खाली जातो. सुरुवातीला छातीचा स्नायू त्या वजनाला विरोध करत असतो. काही वेळाने तो थकतो, हात आणखी दोन-चार बोटे खाली उतरतो, आणि मग वजनाचा बराचसा भार स्नायूवरून सरकून खांद्याच्या सांध्याच्या पुढच्या बाजूच्या आवरणावर आणि अस्थिबंधांवर येतो. त्या आवरणाला ताण देऊन काही कमाई होत नाही; ते एक तर सैल होते, नाही तर दुखावते. ताण योग्य जागी पडतो आहे की नाही, याची खूण सोपी आहे. छातीच्या मांसल भागात पसरट ओढ जाणवत असेल तर ठीक आहे. खांद्याच्या टोकाशी, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी टोचत असेल, तर वजन ताबडतोब खाली ठेवले पाहिजे.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून आणखी एक गोष्ट विचारात घ्या. सोळा लिटरचा फवारणीचा पंप भरला की पाठीवर वीस किलोच्या आसपास वजन येते, पट्टे खांदे पुढे ओढतात, आणि हाताने दांडा मारायचा पंप असेल तर डावा हात दांड्यावर आणि उजवा हात नळी फिरवण्यात दिवसभर गुंततो. फवारणीच्या दिवसांत संध्याकाळी त्याच उजव्या खांद्याला डंबेलने मागे ओढले, तर तो दुखणारच. दोन-तीन आठवडे छातीचा वजनी ताण पूर्ण थांबवा, दुखणार नाही एवढ्याच टप्प्यात जोर काढा आणि पाठीचे, म्हणजे ओढण्याचे, व्यायाम चालू ठेवा. रात्री कुशीवर झोपता येत नसेल, हात डोक्यावर जात नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवून घ्या. खांदा पूर्वी कधी निखळला असेल, तर छातीचा वजनी ताण हा प्रकार तुमच्यासाठी नाही.

आता प्रयोगांविषयी. या विषयाची सुरुवात पक्ष्यांपासून झाली. कोंबडीच्या आणि लावा पक्ष्याच्या एका पंखाला वजन टांगून दुसऱ्या पंखाशी तुलना करण्याचे प्रयोग १९७० च्या दशकापासून झाले. त्यांतला सर्वांत गाजलेला प्रयोग होसे अँटोनियो आणि विल्यम गोनिया यांचा, १९९३ सालचा. त्यांनी लावा पक्ष्याच्या शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंत भार वाढवत नेला, मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवले, आणि महिन्याहून थोड्या अधिक काळात त्या पंखाच्या स्नायूचे वजन तिपटीहून जास्त वाढले. व्हिडिओंत बहुधा हाच आकडा ऐकवतात. पंखाला वजन लावले की ते रात्रंदिवस तसेच राहत असे, हे मात्र सांगायचे राहून जाते. सेटनंतरच्या एका मिनिटाची त्याच्याशी तुलना करता येत नाही.

माणसांवरचे प्रयोग अलीकडचे आहेत. जर्मनीतील कॉन्स्टँटिन वॉर्नेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पायाला घोटा वर वळवून धरणारे साधन बांधून रोज एक तास, सहा आठवडे पोटरी ताणली. पोटरीच्या स्नायूची जाडी सुमारे १५ टक्के आणि ताकद सुमारे १७ टक्के वाढली. पुढे २०२४ मध्ये छातीच्या स्नायूचा प्रयोग आला. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी १५ मिनिटे, आठ आठवडे जोरकस ताण घेणाऱ्यांची वाढ आणि नेहमीचा वजनाचा व्यायाम करणाऱ्यांची वाढ जवळपास सारखी निघाली. म्हणजे रोज तासभर ताणले तरी स्नायू वाढतो, हे मित्राचे म्हणणे खोटे नाही. परंतु पऱ्हाटीला निंदण आले असताना तासभर पोटरी बांधून बसायला कोणाला सवड आहे? पोटरीचे तीन सेट दहा मिनिटांत होतात आणि फळ तेवढेच मिळते. दुखापतीमुळे ज्याला वजन उचलता येत नाही, त्याच्यासाठी तासाभराचा ताण मोलाचा ठरू शकेल. तुमचे हातपाय धडधाकट आहेत. आणि व्यायामानंतर आपण जे अर्धे मिनिट हलके ताणतो, त्याने अंग मोकळे होते, स्नायू काही वाढत नाही; ओढ जोरकस आणि दीर्घ असेल तरच वाढीचा प्रश्न येतो.

माझ्या दृष्टीने जास्त कामाचे प्रयोग दुसरेच आहेत. जपानमधील सुमिआकी माएओ यांच्या गटाने मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम दोन प्रकारे करवून घेतला. एका पायाने पालथे झोपून, म्हणजे स्नायू आखूड अवस्थेत ठेवून, आणि दुसऱ्या पायाने बसून, म्हणजे कंबरेत वाकल्यामुळे तोच स्नायू लांब अवस्थेत ठेवून. बारा आठवड्यांनंतर झोपून केलेल्या पायात सुमारे ९ टक्के आणि बसून केलेल्या पायात सुमारे १४ टक्के वाढ आढळली. याच गटाने दंडाच्या मागच्या स्नायूवरही असा प्रयोग केला. हात डोक्यावर नेऊन कोपर सरळ करणाऱ्या बाजूला कमी वजन वापरूनही वाढ जास्त निघाली. ब्राझीलमध्ये तरुण मुलींवर पोटरीचा प्रयोग झाला, तो तुमच्या थेट उपयोगाचा आहे. टाच खाली असतानाचा अर्धाच टप्पा करणाऱ्या गटात पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू आठ आठवड्यांत सुमारे १५ टक्के वाढला, पूर्ण टप्पा करणाऱ्यांत सुमारे ७ टक्के, आणि फक्त वरचा अर्धा टप्पा करणाऱ्यांत ३ टक्क्यांच्या आसपास. गावोगावच्या व्यायामशाळांत पोटरीचा व्यायाम पाहिला तर बहुतेक जण सपाट जमिनीवर उभे राहून टाचा भराभर उचलत असतात, म्हणजे नेमका हा तिसरा, सर्वांत कमी फळ देणारा प्रकार. तुमच्या पोटऱ्या वाढत नसतील तर आधी येथे पाहा.

सर्वच स्नायूंत फरक एवढा मोठा नसतो. वर्षानुवर्षे व्यायाम केलेल्या लोकांवर अलीकडे झालेल्या प्रयोगात फक्त खालचा टप्पा आणि पूर्ण टप्पा यांची वाढ जवळपास सारखी आली. म्हणून वरचा टप्पा सोडून द्या, असे मी सांगणार नाही. हालचाल पूर्ण करावी आणि खालचे टोक घाईने उरकू नये.

असे का होते, हेही जाणून घ्या, म्हणजे वजन किती घ्यावे याचा अंदाज तुम्हाला स्वतःला बांधता येईल. स्नायूचा तंतू असंख्य सूक्ष्म घटकांच्या साखळीचा बनलेला असतो. आकुंचन पावताना या घटकांतील दोन प्रकारचे धागे एकमेकांत सरकतात आणि जोर निर्माण करतात. तंतू लांब ताणला गेला की त्यातील टायटिन नावाचे प्रथिन स्प्रिंगसारखे ओढले जाते आणि आकुंचनाच्या जोराखेरीज आणखी एक ओढ तंतूवर येते. ही ओढ पेशीला जाणवते आणि नवीन प्रथिने बांधण्याची प्रक्रिया सुरू होते. लांब अवस्थेत वारंवार भार आल्यास साखळीत नवे घटक जोडले जातात, असेही दिसते. यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ताणाच्या टोकाला स्नायू स्वतः जोर करत असेल, तर त्याच्यावर दोन्ही ओढी एकदम येतात. नुसते लोंबकळताना एकच येते आणि म्हणून तिला फार वेळ द्यावा लागतो. वजन सावकाश खाली सोडत, टोकाला क्षणभर थांबून, पुन्हा उचलणे हे नुसत्या ताणापेक्षा स्वस्त का पडते, ते यात आहे.

पोटरीपासून सुरुवात करा, कारण धोका सर्वांत कमी आणि लाभ सर्वांत स्पष्ट तेथेच आहे. शाळेच्या व्हरांड्याची किंवा घराच्या ओट्याची मजबूत पायरी पाहा. अनवाणी, पायाचे चवडे कडेवर आणि टाचा बाहेर मोकळ्या ठेवून उभे राहा, आणि एका हाताने खांबाचा आधार घ्या. पाठीवर जुने दप्तर अडकवा आणि त्यात रेती भरून घट्ट बांधलेली पिशवी ठेवा. पाच किलोपासून सुरुवात पुरे. गुडघे सरळ ठेवा. मनात तीन अंक मोजत टाचा खाली सोडा, पायरीच्या कडेच्या खाली जातील तेवढ्या जाऊ द्या, आणि तेथे दोन अंक थांबा. हे थांबणे महत्त्वाचे आहे, कारण टाचेच्या मागची जाड कंडरा ताणली की तिच्यात ऊर्जा साठते आणि लगेच वर आलात तर अर्धे काम ती उसळीच करून टाकते, पोटरी रिकामी राहते. थांबून, उसळी न घेता, पूर्ण वर या. असे बारा ते पंधरा वेळा करा. शेवटची दोन-तीन आवर्तने कशीबशी पूर्ण होत असतील तर वजन बरोबर आहे. पूर्ण वर येणे अशक्य झाले की खालच्या अर्ध्या टप्प्यातच आणखी पाच-सहा आवर्तने काढा.

असे तीन सेट करा, आठवड्यातून तीन दिवस. तिसऱ्या सेटनंतर दप्तर न उतरवता टाचा खाली सोडून साठ सेकंद तसेच उभे राहा. तुम्ही विचारलेला वजनी ताण तो हाच. ओढ दहापैकी सात-आठ एवढी जाणवली पाहिजे: बोलता यावे, परंतु गप्पा माराव्याशा वाटू नयेत. दर आठवड्याला दहा-पंधरा सेकंद वाढवत दोन मिनिटांपर्यंत जा. मग वेळ पुन्हा साठ सेकंदांवर आणून वजन दोन किलोंनी वाढवा. सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाचेच्या मागे आखडून दुखत असेल, तर कंडरेला भार जास्त होतो आहे असे समजून ताण आठवडाभर थांबवा आणि सेटही कमी करा. वेगाने धावण्याच्या सरावाचा दिवस आणि पोटरीचा दिवस एक नसावा.

छातीसाठी वस्तादांचेच ऐका, फक्त हाताखाली विटा घ्या. विदर्भाला जोर-बैठकांची परंपरा नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. जुन्या लोकांना ताणाचे शास्त्र ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु खोल जोर आणि पूर्ण बैठक या दोन्ही हालचालींत स्नायू लांब अवस्थेत भार घेतो, ही गोष्ट खरी आहे. जमिनीवर जोर काढताना छाती जमिनीला टेकते आणि हालचाल तेथेच संपते. तळहातांखाली प्रत्येकी एक-दोन विटा आडव्या, न डगमगणाऱ्या ठेवल्या, तर छाती तळव्यांच्या पातळीखाली तेवढी अधिक उतरते. तीन अंक मोजत खाली जा, तळाशी दोन अंक थांबा, कोपर कानांच्या रेषेत पसरू न देता अंगाकडे थोडे झुकते ठेवा. दुखरा खांदा पूर्ण शांत झाल्यावरच हे सुरू करायचे, आणि तेही एकेका विटेने. पंधरा-वीस जोर सहज निघू लागले की पाठीवर तेच रेतीचे दप्तर घ्या. शेवटच्या सेटनंतर गुडघे टेकवून तळाशी वीस-तीस सेकंद थांबलात, तर बेंचवरच्या त्या डंबेलची गरज उरत नाही, कारण येथे थकवा आला की गुडघे आणि जमीन तुम्हाला सावरतात.

छातीच्या मापाबाबत तुमचा थोडा गैरसमज असावा. भरतीत पुरुषांसाठी न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर वाढ लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण टेप फक्त छातीवरून जात नाही, तो पाठीवरूनही फिरतो. त्यामुळे कमी पडणारा एक सेंटिमीटर पाठीच्या रुंद स्नायूंकडूनही मिळू शकतो आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तो तिकडूनच लवकर मिळतो. डंबेल डोक्यामागे नेण्याच्या पुलओव्हरने बरगड्यांचा पिंजरा रुंद होतो, असे अनेक व्यायामशाळांत सांगतात. वाढीचे वय संपल्यावर हाडांचा पिंजरा रुंदावल्याचा पुरावा नाही. मात्र पुलओव्हरमध्ये पाठीचा रुंद स्नायू चांगला ताणला जातो, तेव्हा खांदा बरा झाल्यावर तो हलक्या वजनाने अवश्य करा.

विटा बांधून लोंबकळणे सोडून द्या. दोरी घोट्यावरून सरकते, अंग झुलते, आणि पाठीला ताण पोचण्याआधी हातांची पकड सुटते. तुमचे ६० किलो वजन या कामाला पुरेसे आहे. त्याऐवजी पुल-अप काढताना खाली येण्याला तीन-चार सेकंद द्या, तळाशी हात सरळ झाल्यावर खांदे कानांपर्यंत सैल न सोडता दोन अंक थांबा, आणि मग वर जा. शेवटच्या सेटनंतर अर्धा मिनिट नुसते लटकले तर पुरे. दंडाच्या मागच्या स्नायूसाठी एक डंबेल दोन्ही हातांनी धरून डोक्यामागे सावकाश सोडणे आणि वर उचलणे हा प्रकार धरावा. तुमच्या व्यायामशाळेत त्यासाठी लागणारे सगळे आहे.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी रॉड हातात धरून, गुडघे किंचित वाकवून, कंबर मागे ढकलत पुढे झुकण्याचा डेडलिफ्ट उत्तम आहे. पाठ सपाट राहील तेथपर्यंतच रॉड खाली जाऊ द्यायचा; पाठ गोल झाली की ताण मांडीवरून मणक्यावर येतो. या व्यायामात तळाशी वजन धरून मिनिटभर थांबू नका. दिवसभर वाकून निंदण केलेल्या किंवा सोयाबीन कापलेल्या माणसाची कंबर संध्याकाळी आधीच थकलेली असते, अशा दिवशी हा व्यायाम सोडून दिला तरी काही बिघडत नाही. हंगामाप्रमाणे व्यायामाचे दिवस हलवणे हा आळस नव्हे.

दोन सेटांच्या मधल्या वेळात ताणावे का, यावर प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. काही स्नायूंत थोडा लाभ दिसला, काहींत अजिबात नाही. त्या ताणामुळे पुढच्या सेटमध्ये वजन किंवा आवर्तने घटत असतील, तर तो तोट्याचा सौदा आहे. म्हणून मी तो शेवटच्या सेटनंतरच सुचवतो. एक सावधगिरी मात्र घ्या. सावकाश सोडण्याचा आणि खोल ताणाचा व्यायाम नव्याने सुरू केला की दोन-तीन दिवस अंग नेहमीपेक्षा जास्त ठणकते. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचा एकच सेट करा. वैशाखाच्या उन्हात तर विशेष जपा, पहाटेच व्यायाम उरका आणि पाणी भरपूर प्या. ठणका असह्य होऊन लघवी गडद तपकिरी झाली तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठा, कारण स्नायू फार मोडल्याने मूत्रपिंडावर ताण येत असल्याची ती खूण असते.

तुमची वाढ सहा महिन्यांपासून थांबली आहे, याचे कारण ताणाचा अभाव असेल असे मला वाटत नाही. पत्रात तुम्ही कोणता व्यायाम करता हे लिहिले आहे, परंतु सहा महिन्यांपूर्वी किती वजन उचलत होता आणि आज किती उचलता, याचा कोठेही उल्लेख नाही. वही ठेवा. तारीख, व्यायाम, वजन, आवर्तने एवढे लिहिले तरी महिन्याभरात स्पष्ट दिसेल की भार वाढतो आहे की तेच ते चालले आहे.

दुसरे कारण ताटात असू शकते. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे तुम्हाला ९६ ग्रॅमच्या आसपास लागतील. भाकरी-वरणावर ती गाठणे अवघड आहे. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम, अर्धा लिटर दुधात १६ ग्रॅम, मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम, शेंगदाण्यांत १२ ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीत सुमारे २६ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीच्या भाकरींतून दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम येतात. एवढ्यात हिशेब पूर्ण होतो आणि पावडरच्या डब्याचे पैसे वाचतात. आपल्या शेतातले सोयाबीन पोत्यांनी बाजार समितीत जाते आणि घरात त्याची भाजी महिन्यातून एकदाही होत नाही, हे मला नेहमी खटकते. घरचे सोयाबीन वापरणार असाल तर ते भिजवून पूर्ण शिजवा, कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांचे पचन अडवतात.

शेवटचा प्रश्न मैदानी चाचणीचा. १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६ किलोची गोळाफेक मिळून पन्नास गुण असतात, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन प्रकारांत झटक्याचा जोर लागतो. एखादा स्नायू मिनिटाहून अधिक काळ स्थिर ताणून लगेच जोर लावायला गेलात, तर तो काही टक्क्यांनी कमी पडतो. त्यामुळे मैदानावर वजनी ताण तर नाहीच, लांबलचक साधा ताणही नको. दहा मिनिटे हळू धावा, पाय पुढे-मागे झुलवा, हात फिरवा, गुडघे उंच उचलत चाला आणि शेवटी दोन-तीन छोट्या, वाढत्या वेगाच्या धावा घ्या. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात पोटरीचा आणि मांडीचा वजनी ताण पूर्ण बंद ठेवा, उचलण्याचे सेट निम्म्यावर आणा. त्यापूर्वी आठ ते दहा आठवडे वरीलप्रमाणे व्यायाम झाला असेल, तर छातीचे आणि पोटरीचे माप सकाळी, व्यायामाआधी, त्याच टेपने आणि त्याच जागी घ्या. व्यायामानंतर रक्त भरल्यामुळे आकडा मोठा येतो आणि फसगत होते.